खर्जाचा कैवार

घरासाठी मोठे स्पीकर घेणे मराठीच्या प्राध्यापकांना शोभत नाही, असे आम्हां दोघांना गेल्या वर्षभरात वारंवार ऐकवण्यात आले. पुस्तकांवर खर्च केला की तो व्यासंग आणि ध्वनियंत्रावर केला की ती चैन, हा हिशेब आमच्या स्नेह्यांच्या मनात पक्का आहे. त्यांतले रसिक म्हणवणारे पुढे जाऊन सांगतात, "गाणे कानात असते, खोक्यात नव्हे." वाक्य गोंडस आहे, पण चुकीचे आहे.

काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्यावरील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते. पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचे, तर स्पीकरला चौपट हवा हलवावी लागते. चार इंची स्पीकर येथे धापा टाकू लागतो. आठ इंची पडद्याचे क्षेत्रफळ त्याच्या चौपट असते. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरकडून तर ही अपेक्षाच व्यर्थ. तेथे खर्ज नाहीसा होतो, डग्ग्याची घुमारेदार मींड म्हणजे नुसती टकटक उरते.

यावर एक शास्त्रीय आक्षेप घेतला जातो. मूळ स्वर गाळून केवळ त्याचे वरचे स्वयंभू स्वर ऐकवले, तरी मेंदू मूळ स्वराची उंची ओळखतो. मग मोठे स्पीकर हवेत कशाला? वस्तुस्थिती मान्य, निष्कर्ष अमान्य. ओळखणे म्हणजे ऐकणे नव्हे. गाईड वाचून विद्यार्थी कादंबरीचे कथानक ओळखतो, तेव्हा त्याने कादंबरी वाचली असे आपण म्हणतो काय? वर्गात ज्या गाईडांवर आपण तुटून पडतो, त्यांचाच ध्वनिरूप अवतार घरी मात्र पुरेसा मानतो, ही विसंगती आम्हांला बोचते.

दुसरा आक्षेप गोंगाटाचा. उत्सवांतील भिंतींएवढे स्पीकर सोसलेल्या माणसाला मोठ्या स्पीकरची धास्ती वाटावी, हे स्वाभाविक आहे. परंतु मोठा आवाज आणि भरीव आवाज या दोन भिन्न गोष्टी आहेत. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले, की आवाज हळू असताना आपला कान खालच्या स्वरांना अधिकच बधिर होतो. तेव्हा शेजाऱ्यांची झोप न मोडता ऐकणाऱ्यालाच खर्ज समर्थपणे पेलणाऱ्या स्पीकरची खरी गरज. लहान स्पीकरवाला तो भरीवपणा आवाज वाढवून शोधतो, आणि त्याला सापडतो तो कर्कशपणा.

अर्थात, आकाराची भक्ती आम्ही करत नाही. बारा फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झला भिंतींमध्येच नाद घुमू लागतो. तेथे प्रचंड खोके कोपऱ्यात कोंबले, तर भरीवपणाऐवजी गढूळपणा हाती येतो. खोली पाहावी, स्पीकर भिंतीपासून दूर ठेवावेत, आणि खरेदीपूर्वी ओळखीचे ध्वनिमुद्रण लावून ऐकावे. १९२५ पूर्वीच्या, कर्ण्यात गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रिकांत मुळात खर्ज उतरलेलाच नाही. कोणताही स्पीकर तो निर्माण करू शकणार नाही. संहितेत नसलेला अर्थ टीकाकाराने काढू नये, तसेच हे.

मध्यंतरी एम.ए.चे काही विद्यार्थी घरी आले होते. त्यांना आम्ही एक विलंबित ख्याल ऐकवला. त्यांतल्या एकीने विचारले, "सर, हे मागे सतत काय वाजतंय?" तो तंबोरा होता. ती बंदिश तिला पाठ होती. कित्येक वर्षे ती मोबाइलवर ऐकत आली होती. गायकाने ज्याच्या आधारावर प्रत्येक स्वर लावला, तो आधारच तिला कधी ऐकू आला नव्हता. तिला आम्ही काय सांगायचे होते? गाणे कानात असते म्हणून?