वायरमन येऊन गेला, पण कळवलं कुणी?

मुरगुडात कुणाच्या घरी फिटिंगचं काम निघालं की ‘वायरमनला सांगितलंय’ एवढ्यावर विषय मिटतो. हा वायरमन कोणता? महावितरणच्या खांबावर चढणाराही आपल्याला वायरमन आणि गल्लीत बोर्ड बसवून देणारा पोरगाही वायरमनच. नाव एक असल्यानं कामाची खबर ऑफिसात पोचली, असं मालक धरून चालतो. ती पोचलेली नसते.

बल्ब, पंखा, फ्यूज, बटण होतं तसंच बदलायला कुणाची आडकाठी नाही. नवी लाइन ओढणं, फिटिंगमध्ये फेरफार करणं हे मात्र परवानाधारक ठेकेदाराचं काम. तेही प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या नजरेखाली. १९५६ च्या वीज नियमांत ही अट होती, २०१० च्या सुरक्षा विनियमांतही राहिली. नव्या कनेक्शनच्या अर्जाला ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. घर न बघता त्यावर सही-शिक्का मारून देणाऱ्याला मी कामचुकार म्हणणार नाही. तो त्या घरातल्या माणसांचा जीव धोक्यात घालतो.

पण रिपोर्ट खरा असला, तरी तो त्या दिवसापुरता. पुढे वर मजला चढतो, न्हाणीत गिझर येतो, मागच्या गोठ्यात कडबाकुट्टी बसते आणि कागदावरचा मंजूर भार जुनाच राहतो. तो वाढवून घेण्याचा अर्ज ग्राहकानंच करायचा असतो. इंग्लंडमध्ये २००५ पासून घरातलं ठराविक वीजकाम स्थानिक पालिकेच्या बांधकाम विभागाला कळवावं लागतं. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन असला तर तो स्वतः प्रमाणित करून कळवतो. आपल्याकडे मालक गप्प राहिला, तर भिंतीआडचं कुणालाच कळत नाही.

गोठ्यात जाऊन बघा. पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला वायर गुंडाळलेली, जोडावर काळी टेप, टेपवर भुसा आणि कोळिष्टकं. प्लगची जाड पिन सॉकेटात बसत नाही म्हणून काढून टाकलेली. अर्थिंग तिथंच संपलं. खाली मुताची, पाण्याची कायमची ओल. धारेच्या वेळी म्हैस एकाएकी लाथ झाडायला लागली, तर तिला मारण्याआधी वायर तपासून घ्या. रबरी चपलेतल्या माणसाला न जाणवणारा करंट तिला चार खुरांतून जाणवतो.

‘एमसीबी आहे की’ म्हणून निर्धास्त राहू नये. ती वायर जळू नये म्हणून असते. छातीतून एक दशांश अँपिअर गेला तरी माणूस जाऊ शकतो. सोळा अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथं करंटची गळती ओळखून लाइन तोडणारी तीस मिलिअँपिअरची आरसीसीबीच हवी.

आणि अपघात झालाच, तर २००३ च्या वीज कायद्याचं कलम १६१ विद्युत निरीक्षकाला कळवायला सांगतं. माणूस गेला तरी आणि जनावर दगावलं तरी. त्याखालच्या नियमांत मुदत चोवीस तासांची आहे. घाबरून लोक आधी वायर ओढून काढतात, मग निरीक्षकाला बघायला काही उरत नाही. मेन बंद करावा, महावितरणच्या ऑफिसात लगेच लेखी कळवावं आणि जागेवरची वायर, प्लग, मशीन निरीक्षक येईपर्यंत हलवू नये.