निबंधाचा विषय आणि वास्तवतेचें माप

संगणकाच्या साह्यानें रचिलेले चित्रपट, ज्यांस हल्लीं अ‍ॅनिमेशनपट म्हणतात, त्यांतील वास्तवतेवर निबंध लिहावयास सांगितला कीं बहुतेक विद्यार्थी एकच विषय पसंत करतात: ‘संगणकानें सत्यसृष्टीची बरोबरी कितपत साधली?’ वडीलधाऱ्यांसही तो आवडतो. कारण त्यांत सनावळी आहे, चढत्या पायऱ्या आहेत, आणि शेवटीं यंत्राच्या प्रगतीचा जयजयकार आहे. आमच्या मतें हा विषय निवडण्याजोगा नाहीं. ज्याचें उत्तर त्याच्या पोटांतच तयार असतें, त्यास प्रश्न तरी कसें म्हणावें?

या मापानें एकदां मोजून तर पाहूं. १९८६ सालीं जॉन लॅसेटर यांनीं पिक्सार संस्थेंत ‘लक्सो ज्युनियर’ हा जेमतेम दोन मिनिटांचा पट केला. त्यांत आहे काय, तर टेबलावरचे दोन दिवे, एक मोठा व एक लहान, आणि एक चेंडू. दिव्यांस ना डोळे, ना तोंड. तरी उड्या मारतां मारतां चेंडू फुटतो आणि धाकटा दिवा मान खालीं घालतो, तेव्हां त्याचें ओशाळेपण कोणास समजावून द्यावें लागत नाहीं. उलट २००४ सालचा रॉबर्ट झेमेकिस यांचा ‘द पोलर एक्स्प्रेस’ घ्या. जिवंत नटांच्या हालचाली यंत्रानें टिपून पात्रांच्या अंगीं उतरविल्या होत्या. तरी पुष्कळ समीक्षकांस त्या पात्रांचे डोळे निर्जीव भासले. त्याच वर्षीं, त्याच नोव्हेंबर महिन्यांत ब्रॅड बर्ड यांचा ‘द इन्क्रेडिबल्स’ आला. त्यांतील बाप म्हणजे पर्वतप्राय छाती आणि काटक्यांसारखे पाय. असा मनुष्य कोणीं पाहिला आहे? पण त्या कुटुंबाचीं भांडणें मात्र घरोघरचीं वाटतात.

मसाहिरो मोरी या जपानी शास्त्रज्ञांनीं १९७० सालीं यंत्रमानवांविषयीं लिहितांना एक तर्क मांडला होता. कृत्रिम आकृति माणसासारखी होत गेली म्हणजे आपुलकी वाढते. पण साम्य पूर्णत्वाच्या जवळ येऊन किंचित् उणें राहिलें, कीं आपुलकीच्या जागीं शिसारी येते. चढत्या पायऱ्यांच्या भक्तांनीं या तर्काचा विचार करावा.

यावर कोणी म्हणेल, तें उणें आतां भरून निघालें. ठीक आहे. २०१९ सालच्या ‘द लायन किंग’मधील सिंह खऱ्या सिंहांहून निराळे ओळखूं येत नाहींत, आणि तेंच त्यांचें दुर्दैव! १९९४ सालच्या हातानें काढलेल्या ‘द लायन किंग’मधील सिंहांस भुंवया उंचावतां येत, शोकानें मुद्रा पालटतां येई. खऱ्या सिंहास तें साधत नाहीं, म्हणून नव्या सिंहांसही फारसें साधलें नाहीं. पैसा अमाप मिळाला. पण पैसा हें कलेचें प्रमाण नव्हे.

तर मग वास्तवता नकोच काय? असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. ‘लक्सो’मधील दिव्यांच्या छाया खऱ्यासारख्या पडतात, हें त्या काळीं मोठेंच कौशल्य होतें, आणि तें कथेच्या कामीं आलें. आमच्या नाट्यशास्त्रानेंही लोकधर्मी आणि नाट्यधर्मी, म्हणजे लोकव्यवहाराचें अनुकरण आणि कलेचा संकेत, या दोहोंस रंगभूमीवर स्थान दिलें आहे. आमची तक्रार सारी कला एकाच तागडींत तोलणाऱ्यांविरुद्ध आहे.

तेव्हां विद्यार्थ्यानें विषय घ्यावा तो लहान व टोंकदार. ‘द इन्क्रेडिबल्स’च्या कर्त्यांनीं केंस आणि कापड खऱ्याप्रमाणें हलावें म्हणून अतोनात परिश्रम घेतले, आणि शरीरें मात्र मुद्दाम बेडौल ठेविलीं. असें कां? या एका ‘कां’मध्यें संपूर्ण निबंध आहे, आणि त्याचें उत्तर चित्रपट पुनःपुन्हां पाहूनच मिळवावें लागतें.

आज तर चार शब्द लिहून दिले, कीं यंत्र छायाचित्रासारखें चित्र क्षणांत पुढें टाकतें. साम्य हेंच जर कलेचें माप ठरलें, तर ही विद्या शिकणाऱ्या मुलामुलींनीं दप्तर आवरून घरीं जावें हें बरें! काय दाखवावें आणि काय गाळावें, हा विवेक यंत्राच्या वेगाबरोबर आपोआप वाढत नसतो. त्याचा पहिला धडा निबंधाचा विषय निवडतांनाच गिरवावा लागतो.