कापसाची नोंदवही आणि दूरचे दुकानदार

विदर्भ-मराठवाड्यातील अनेक कापूस उत्पादकांच्या घरी अलीकडे एक नोंदवही दिसते. कोणते औषध किती फवारले, खत किती घातले, पाणी केव्हा दिले, हे तीत लिहावयाचे असते. ही वही कोणासाठी भरावयाची, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते.

तिचे मूळ परदेशांतील मोठ्या दुकानांत आहे. डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंरक्षण संस्थेने २००५ साली बोलाविलेल्या विचारविनिमयात आयकिया, एच अँड एम, गॅप आदी विक्रेते सामील झाले. त्यातून ‘बेटर कॉटन’ हा उपक्रम उभा राहिला. त्याचा पहिला कापूस २०१० साली भारत, पाकिस्तान, ब्राझील व माली येथे वेचला गेला. विक्रेते आपण घेतलेल्या रुईच्या प्रमाणात शुल्क भरतात व त्यातून स्थानिक भागीदार संस्था शेतकऱ्यांस शिक्षण देतात.

हे शिक्षण हिताचे आहे, यात शंका नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना कोण विसरेल? कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडेपर्यंत, अथवा शंभरांत दहा बोंडे किडकी आढळेपर्यंत, गुलाबी बोंडअळीसाठी रासायनिक औषधास हात लावण्याचे कारण नाही. तोवर पाच टक्के निंबोळी अर्काने भागते. वाचलेली प्रत्येक फवारणी म्हणजे औषधाचे व मजुरीचे वाचलेले पैसे, आणि फवारणाऱ्याच्या जिवाचा टळलेला धोका.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या उपक्रमात जादा भावाची हमी नाही. वही भरणाऱ्याचा व न भरणाऱ्याचा कापूस बहुधा एकाच भावाने जिनिंगमध्ये जातो. दुकानदारास मिळणारे नाव मोठे. वहीचे श्रम मात्र शेतकऱ्याचे! भागीदारी म्हणावयाची, तर मोबदल्याचाही विचार व्हावयास हवा.

पूर्वी या रुईची सरमिसळ होत असे. हिशेब केवळ वजनाचा राही. २०२३ च्या अखेरीपासून तिचा देशापर्यंत माग काढण्याची सोय झाली आहे. तेव्हा पुढील हंगामाच्या पहिल्या बैठकीत गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी भागीदार संस्थेच्या प्रतिनिधीस समोर बसवून, माग लागलेल्या रुईस विक्रेता अधिक काय देतो व त्यातील किती गावात पोहोचते, हे शेतकऱ्यांदेखत विचारावे.