सुरई वर जाते तेव्हा

सॅम्युएल बेकेटचं, जग संपल्यानंतरच्या ओसाडीत घडणारं ‘एंडगेम’ आणि ‘अ‍ॅक्ट विदाउट वर्ड्स’ हे मूकनाट्य, ही जोडी ३ एप्रिल १९५७ला लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये मूळ फ्रेंचमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आली. मूकनाट्यात वाळवंटातल्या माणसासमोर वरून पाण्याची सुरई उतरते आणि त्याचा हात काही पोचत नाही. अभ्यासक याला मानवी अस्तित्वाचं रूपक म्हणतात. लातूरकरांना रूपक कशाला हवं? २०१६च्या मार्चमध्ये तिथे दुष्काळामुळे पाणवठ्यांभोवती जमावबंदी होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. आणि ‘एंडगेम’मधलं सगळं कोसळल्यानंतरचं जग? ते ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात याच लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीनं पाहिलं. पुढच्या सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ उभं राहिलं. त्याच्या युवक महोत्सवात लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतली पोरं जीव तोडून एकांकिका करतात. त्यांनी ही जोडी मराठीत करावीच. सुरई वर जाताना कुणी हसेल, कुणी मागच्या रांगेतून ‘अरे, धर की!’ ओरडेल, त्याला बेशिस्त समजू नये. फक्त सुरईच्या जागी प्लास्टिकची घागर लटकवू नका, आमच्या प्रेक्षकाला तेवढं समजावून सांगावं लागत नाही.