दंड, दम आणि कंबर

बेसाला टेनिस खेळायला उतरलात की सल्ला ठरलेला: "भाऊ, फोरहँडला दंडात दम पायजे!" साफ खोटं! हे ऐकून मी तीन महिने खांद्याला बाम चोळला. एकट्या हातावर सगळा भार टाकणं म्हणजे अख्ख्या ब्रँचचा बॅलन्स एकट्या कारकुनानं जुळवणं. चेंडू येताच खांदे आडवे वळवा. मग पायांनी जमीन रेटा. आधी कंबर फिरते, मागून खांदे, हात सर्वांत शेवटी. १९७६ ते १९८० सलग पाच विम्बल्डन जिंकणारा बोर्ग कुठे दंडाचा पैलवान होता? अहो, लहानपणी विटी टोलवताना आपणही कमरेतूनच फिरायचो. तेव्हा सल्ला द्यायला कुणी नव्हतं, एवढंच!