अक्षय पात्राची अट

साडेतीन मुहूर्तांपैकी एक असलेली अक्षय तृतीया आज उजाडली आहे. घरोघरी मातीच्या घागरी भरल्या जातील, पितरांच्या नावे उदकदान होईल, देवळांतून नैवेद्य दाखविले जातील. आज केलेले दान क्षय पावत नाही, ही आपली श्रद्धा. पांडवांना सूर्यनारायणाने अक्षय पात्र दिले ते याच दिवशी, असेही परंपरा सांगते. कीर्तनात ही कथा आम्ही गेली कित्येक वर्षे लावीत आलो आहोत. परंतु त्या पात्राला जोडलेल्या अटीकडे श्रोत्यांचे, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही, पुरेसे लक्ष गेले नाही.

महाभारताच्या वनपर्वात ती अट स्पष्ट आहे. द्रौपदी जेवेपर्यंतच ते पात्र अक्षय राही. तिचे जेवण झाले की त्या दिवसापुरते ते रिकामे होई. म्हणून आधी अतिथी, मग पांडव आणि सर्वांच्या शेवटी द्रौपदी असा क्रम असे. वाढणारा हात शेवटी जेवतो तोवरच अन्नाला तूट नाही, हेच त्या कथेचे मर्म होय.

ही अट ज्यांनी प्रत्यक्षात पाळली त्यांपैकी एका विदुषीचे नाव भाविक घरांतून सहसा घेतले जात नाही. तिचे नाव पंडिता रमाबाई. तिचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर संस्कृतज्ञ. पत्नीला व मुलींना देववाणी शिकविल्याबद्दल त्यांनी समाजाचा रोष पत्करला आणि पुढे सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करीत हिंडले. जवळचे द्रव्य दानधर्मात वेचले गेले. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या पुराणिक कुटुंबावर झाडपाला खाण्याची वेळ आली. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. ज्या पोथीवर आमचा चरितार्थ चालतो तीच पोथी ज्यांच्या मुखी होती, ती माणसे तीर्थांच्या वाटेवर अन्नावाचून खंगली, हे वाचताना आमच्या हातातील चिपळ्या जड होतात. उरलेली बहीण-भावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

१८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे १८९६-९७ चा भीषण दुष्काळ आला. आपला भंडारा जिल्हा त्या काळी मध्य प्रांतात मोडत असे. धानाचा हा मुलूख. पावसाने पाठ फिरविली की बांधीत तृणही उरत नसे. त्याच मध्य प्रांतात रमाबाई स्वतः आल्या. रस्त्याकडेला पडलेल्या अनाथ मुली आणि विधवा त्यांनी शेकड्यांनी उचलून नेल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून दौंडजवळ केडगाव येथे त्यांची सोय केली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतील मुलींची त्यात भर पडली आणि केडगावच्या ‘मुक्ती’त दीड हजारांहून अधिक तोंडे रोज जेवू लागली. तेथे विहिरी खणल्या, शेती केली, माग बसविले, छापखाना घातला. काल जी भुकेने निपचित पडली होती ती आज दळू-कांडू लागली आणि अक्षरे गिरवू लागली. अन्नछत्र पंगतीशी संपत नाही, भुकेलेल्याला पायांवर उभे केल्यावर त्याचे उद्यापन होते, हे त्या बाईंनी दाखविले. रमाबाई १९२२ साली निवर्तल्या. त्यांची संस्था अद्याप चालू आहे.

येथे कित्येक वाचक आम्हांस थांबवतील. “शास्त्रीबुवा, हे लोक अन्नाच्या मिषाने धर्म बदलवतात,” असे म्हणतील. या आक्षेपास आम्ही बगल देणार नाही. केडगावच्या पुष्कळ मुली पुढे ख्रिस्ती झाल्या, हे खरे. भुकेच्या घासाला कोणत्याही श्रद्धेची अट लावू नये, असे आमचे ठाम मत आहे. मग तो घास चर्चच्या आवारातील असो वा देवळाच्या. परंतु आक्षेप घेण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा. ती मुलगी रस्त्याकडेला पडली होती तेव्हा आपण कोठे होतो? तिच्यापुढून किती यात्रेकरू, किती पुराणिक, किती सावकार गेले असतील! आपले दार उघडे असते तर तिला दुसऱ्याचे दार शोधावे लागले नसते.

आणि आपल्या अन्नाला तरी अटी नसतात काय? आमच्या तरुणपणी एका गावच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन आमच्याकडे होते. मंडपाबाहेर उन्हात एक वृद्ध आपल्या नातवाला घेऊन बसला होता. त्याची जात विचारली गेली आणि पंगती उठल्यावर उरलेसुरले त्याच्या पत्रावळीवर लांबून टाकले गेले. आम्ही ते पाहिले. तरीही आम्ही मुकाट्याने बिदागी घेतली, नारळ घेतला आणि गाडीत बसलो. त्या दिवशी आम्ही गोपाळकाल्याचा अर्थ दोन घटका सांगितला होता! ते मौन आजही आम्हांस टोचते.

आपल्याच वऱ्हाडातील गाडगेबाबा हेही कीर्तनकारच. त्यांनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधविल्या, भुकेल्यांना जेवू घातले आणि हातात खराटा धरला. १९५६ साली ते गेले. त्यांच्या आणि आमच्या कीर्तनात अंतर आहे ते एवढेच, की त्यांचे कीर्तन मंडपात संपत नसे.

आज शिधापत्रिकेवर धान्य मिळते. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदाही झाला. परंतु ज्याला घरच नाही, चूल नाही, त्याने ते धान्य कोठे शिजवावे? २०२० सालच्या टाळेबंदीत मजुरांचे तांडे नागपूरकडून छत्तीसगडच्या वाटेने पायी चालत होते. त्या दिवसांत देशभर गुरुद्वारे, देवळे, मशिदी आणि चर्च यांच्या चुली पेटल्या आणि कोणी कोणाचे नाव विचारले नाही. संकटात जे सुचले ते सणाला का सुचू नये?

आम्ही सिहोऱ्याचे. शेजारच्या चांदपूरला मारुतीरायाचे जागृत स्थान आहे. दर्शनाला आलेल्यांसाठी प्रसादाची पातेली चढतात, ते योग्यच आहे. आमची विनंती इतकीच, की सप्ताह असो, जयंती असो वा यात्रा, नैवेद्य दाखविल्यावर पहिले पातेले मंडपाबाहेर जावे. बसथांब्यावर, दवाखान्याच्या दाराशी, तुमसर रोडच्या रेल्वे फलाटावर जो उपाशी बसला असेल त्याला प्रथम वाढावे. जात विचारू नये, छायाचित्र काढू नये. त्यानंतर यजमानांनी, कीर्तनकारांनी आणि विश्वस्तांनी पाटावर बसावे. आणि सण सरल्यावरही आठवड्यातून एक दिवस तरी ही चूल पेटती ठेवावी.

आज घागर भरताना आपल्या पितरांबरोबर, वाटेवर अन्नावाचून गेलेल्या त्या पुराणिकाचे आणि त्याच्या पत्नीचेही स्मरण करावे. सूर्यनारायणाने पात्र दिले ते एकदाच. त्याची अट मात्र रोज पाळावयाची आहे. ती पाळण्याची बुद्धी आपणां सर्वांस होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.