यादी मनाईची की परवानगीची?

युनिक्स पद्धतीच्या अनेक सर्व्हरांवर ‘एफटीपीयूजर्स’ नावाची एक लहानशी फाइल असते. नावावरून कोणाचीही अशी समजूत व्हावी की, फाइलींची ने-आण करण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्यांची ही यादी असावी. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. या यादीत ज्याचे नाव, त्याला एफटीपीचे दार बंद. आणि ज्याचे नाव नाही, पण त्या यंत्रावर ज्याचे नेहमीचे खाते आहे, अशा सर्वांना ते सामान्यतः उघडे. नावातील हा विपर्यास नवख्या व्यवस्थापकाला चकवतो, हे खरेच. परंतु मूळ प्रश्न नावाचा नसून त्यामागील धोरणाचा आहे.

या पद्धतीचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो लिहिणारे अभय भूषण हे कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर. त्या वेळी ते अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. तेव्हाच्या अर्पानेटवर मोजकीच यंत्रे होती आणि ती वापरणारी मंडळी बहुतांशी विद्यापीठांतील व संशोधनसंस्थांतील. गावात सारेच ओळखीचे असले की दाराला कडी घालण्याची कोणास आठवण होत नाही. एफटीपीत पासवर्डदेखील उघड्या पोस्टकार्डासारखा तारेवरून जात असे, तो याच विश्वासामुळे.

आज ती परिस्थिती राहिलेली नाही. एखाद्या महाविद्यालयाच्या वा सहकारी बँकेच्या सर्व्हरवर कायम नोकर, हंगामी नोकर, बाहेरचे ठेकेदार अशा अनेकांची खाती असतात. मनाईच्या यादीत ‘रूट’ आणि यंत्राची अंतर्गत खाती आरंभापासून असतात; काल रुजू झालेल्या लिपिकाचे नाव तेथे कोणीतरी आठवणीने घालावे लागते. आठवण राहिली नाही, तर फाइली उचलून नेण्याचा अधिकार त्याला कोणी न देताच मिळतो.

सॉल्ट्झर आणि श्रोडर या संशोधकांनी १९७५ मध्येच या दोषावर बोट ठेवले होते. प्रवेशाचा निर्णय परवानगीवर आधारावा, वगळण्यावर नव्हे, हे त्यांचे सूत्र. कारण परवानगीच्या पद्धतीत चूक झाली, तर ती नकाराच्या रूपाने लगेच दिसते. मनाईच्या पद्धतीतील चूक मात्र दिसतच नाही.

येथे अर्थशास्त्राचा अभ्यासक बिचकेल. परवाना राज्याचा अनुभव घेतलेल्या देशात पुन्हा परवान्यांची भलामण कशी करावी? १९९२ च्या आयात-निर्यात धोरणाने निषिद्ध सूचीबाहेरचा माल बव्हंशी मुक्त केला, तो योग्यच होता. परंतु तेथे नकाराची किंमत सारा समाज मोजत होता: कारखाना अडून राही, ग्राहकास महाग माल घ्यावा लागे, आणि दाद कोणीच घेत नसे. सर्व्हरवर हिशेब उलटा होतो. ज्याला चुकून नकार मिळाला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार घेऊन दारात उभा राहतो आणि चूक पाच मिनिटांत दुरुस्त होते. ज्याला चुकून प्रवेश मिळाला, तो गप्प राहतो. आणि नुकसान सोसतो तिसराच, ज्याचे गुणपत्रक किंवा खातेउतारा बाहेर गेला तो.

अर्थात, परवानगी मिळण्यास पंधरा दिवस लागू लागले, तर सहकाऱ्याचा पासवर्ड उसना घेण्याची प्रथा पडेल. यादी स्वच्छ दिसेल आणि खोटी असेल. हा आक्षेप खरा आहे. मात्र तो दिरंगाईवरचा आहे, यादीवरचा नव्हे.

यांत्रिक अडचण म्हणावी, तर तीही नाही. ‘व्हीएसएफटीपीडी’ या प्रचलित प्रणालीत नावांची यादी लागू केल्यावर ती मूलतः मनाईची असते. ‘यूजरलिस्ट डिनाय’ या एका सूचनेपुढील ‘येस’चे ‘नो’ केले की तीच परवानगीची होते. एफटीपी सोडून एसएसएचवरील एसएफटीपी घेतली की प्रश्न मिटला, असेही काहींना वाटते. तेथे पासवर्ड वाटेत कोणास वाचता येत नाही, हा लाभ मोठाच. परंतु एसएसएचने आत येऊ शकणाऱ्यास एसएफटीपी बहुधा आपोआप मिळते, आणि जुन्या फाइलीतील मनाई तेथे लागूच होत नाही. म्हणून तेथेही ‘अलाउग्रुप्स’ने प्रवेश ठरावीक गटापुरता ठेवावा, आणि ज्याचे काम केवळ फाइली पोचविण्याचे, त्यास ‘सीएचरूट’ने एकाच निर्देशिकेत बांधावे.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहितीच्या रक्षणात कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. पण दंडाच्या आधीची गोष्ट साधी आहे. नोकरी सोडणाऱ्यास ‘ना-देय’ दाखला घ्यावा लागतो. त्यावर ग्रंथालयाची पुस्तके येतात, कपाटाच्या किल्ल्या येतात. सर्व्हरवरील खात्याचा रकाना अनेक कार्यालयांत अजून नाही. तो घातला, तर गेलेल्या माणसाचे नाव त्याच दिवशी यादीतून निघेल.